चौदा जणांचा अणू

आमच्या शाळेत अणू शिकवायला मास्तर होते, पण मास्तरांना अणू कोणी शिकवला नव्हता. हैदराबादच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी रसायनशास्त्रात नापास होऊन ते धाराशिवला परत आले होते. येताना दोन वस्तू घेऊन आले, एक काळी शेरवानी आणि दुसरं ज्या विषयात आपटले त्याचं पुस्तक. शेरवानी रोज अंगावर असायची. पुस्तक फडक्यात बांधलेलं असायचं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, राज्य निजामाचं. गावाला आम्ही धाराशिव म्हणत असलो तरी शाळेच्या दारावरच्या पाटीवर उस्मानाबाद होतं, आणि दाराच्या आत सगळं उर्दू. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, छड्या तेवढ्या मराठीत. मास्तर आमच्यासारखेच मराठी घरातले. घरी बायकोवर मराठीत ओरडायचे आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की त्यांच्या घशातून खोल कुठूनतरी उर्दूचे ऐन-गैन निघायचे. आम्हाला त्याची गंमत वाटायची, भीतीही वाटायची.

त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की आपण मॅट्रिकच्या पोरांना कॉलेजचं नवं शास्त्र शिकवायचं. अणू, इलेक्ट्रॉन, क्वांटम. आम्हाला साधं मिठाचं पाणी आटवून मीठ परत काढता येत नव्हतं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यात फुटक्या काचनळ्या आणि पालीची अंडी. पण मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अंमलदार, थंडीत येणार होते. त्यांच्यापुढं क्वांटम बोलणारी पोरं उभी केली की शाळेचा दर्जा वाढेल आणि शाळेबरोबर आपलाही वाढेल, असा मास्तरांचा हिशेब. शिवाय आमच्या वर्गातल्या एका मुलाला हैदराबादला शिकायला वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळायचा, आणि तो कोणाला द्यायचा हे साहेबच ठरवणार होते. एकालाच. बाकीच्यांनी आपापल्या गावी परत जायचं.

आता अणू शिकवायचा तर तो आधी समजायला हवा. ही अडचण मास्तरांनी फार झटपट सोडवली. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी होती. एकेक शब्द, त्यापुढं एक-दोन ओळींत अर्थ. त्यातले चौदा शब्द त्यांनी काढले, कारण वर्गात आम्ही चौदा होतो. प्रत्येकाला एक शब्द वाटून दिला. ज्याचा जो शब्द, त्यानं तेवढाच पाठ करायचा, दुसऱ्याच्या शब्दाला तोंड लावायचं नाही. साहेब यादीच्या क्रमानं विचारतील, पोरं क्रमानं उठतील, आणि अणू तयार होईल. सबंध वर्ष आमच्यातल्या एकालाही अणू माहीत नव्हता, पण चौदा जणांना मिळून तो तोंडपाठ होता.

एक पोरगा जौहर होता, म्हणजे अणू. एक मर्कजा, म्हणजे अणूच्या मधलं केंद्रक. एक बर्किया, म्हणजे इलेक्ट्रॉन. एक मदार, म्हणजे तो इलेक्ट्रॉन ज्या कक्षेत फिरतो ती. मी पाचवा, तवानाई. म्हणजे ऊर्जा. ती माझ्या वाट्याला का आली ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. लोहाऱ्याला आमचं धान्याचं दुकान होतं आणि आप्पांनी दिवाळीला मास्तरांकडं तुपाचा डबा पाठवला होता. देशमुखांच्या पोराला जौहर मिळाला तो त्यांच्या वाड्यावरच्या जेवणामुळं. शब्द असे वाटले गेले. तवानाईची ओळ मला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. ‘तवानाई काम करने की सलाहियत का नाम है.’ सलाहियत म्हणजे क्षमता. हे म्हणताना मी छाती पुढं काढायचो, जशी काही ती ऊर्जा माझ्याच दुकानातली होती.

आम्ही एकमेकांना त्याच नावानं हाका मारायचो. ए बर्किया, तुझी टोपी पडली. मर्कजा आज आला न्हाय, त्याला हगवण लागलीय.

बर्किया होता बेंबळी गावचा माझा मित्र. एका खोलीत राहायचो आम्ही. मी पोळीभाजी खायचो, तो घरून आलेल्या भाकरी चार दिवस पुरवायचा. त्याची फी मास्तरांच्या शिफारशीनं माफ होती आणि म्हणून मास्तरांच्या घरून पुस्तक आणायचं नि पोचवायचं काम त्याच्याकडं होतं. ते फडकं सोडून पुस्तक वाचणारा सगळ्या शाळेत तो एकटाच. चालता चालता वाचायचा. मास्तरांचं घर दहा मिनिटांवर होतं, ह्याला पाऊण तास लागायचा, आणि त्याबद्दल तो मार खायचा.

गावाबाहेर एक जुनी बारव होती, खालपर्यंत दगडी पायऱ्या उतरलेल्या. आम्ही तिथं धोतरं धुवायला जायचो. एकदा मी पायरीवर बसून माझी तवानाई घोकत होतो तर तो म्हणाला, “ते बडबडणं बंद कर. तुला म्हायती हाय का त्येचा अर्थ?”

“तुला हाय?”

“मला वाटतंय मला कळलं.” तो उठून उभा राहिला. “ह्या पायरीवर मी उभा हाय. ह्याच्या खालच्या पायरीवर उभं ऱ्हाता येतं. पर ह्या दोन पायऱ्यांच्या मधी उभं ऱ्हा बरं! न्हाय जमत. बर्कियाचं तसंच हाय. त्येला ठरल्या जागीच ऱ्हाता येतं, अधेमधे न्हाय. वरनं खाली आला की त्येच्याकडची तवानाई भाईर पडती, उजेड होऊन. आन् तीबी कशी पडती? तुज्या आप्पाच्या दुकानात ज्वारी मापट्यानं देतेत का न्हाय? एक मापटं, दोन मापटी. तशी. त्या मापट्यालाच क्वांटम म्हनतेत.”

“आन् सगळ्यात खालच्या पायरीवर आला की?”

“त्येच्याखाली पायरीच न्हाय. मग उतरंल कुठं? म्हनून तर बर्किया मर्कज्यात पडत न्हाय.”

मला ते कळलं. खरोखर कळलं. आयुष्यात शास्त्रातली एखादी गोष्ट कळल्याचा तो माझा पहिला प्रसंग, आणि प्रामाणिकपणानं सांगायचं तर फार पुढं गेलो तरी तसा दुसरा आला नाही. मी खूश होऊन धोतर पिळायला लागलो. तो मात्र तिथंच एक पाय उचलून उभा होता.

“पर एक अडतंय,” तो म्हणाला. “मी पायरी उतरतो तवा माझा पाय मधल्या हवेतनं जातोच की. उभा ऱ्हात न्हाय, पर जातो. मग बर्किया मधनं जातो का? आन् जात नसंल तर वरचा खाली येतो कसा?”

मी म्हणालो, जाऊ दे की. मला उत्तर मिळालं होतं, प्रश्नाशी मला काही देणंघेणं नव्हतं.

त्यानं तो प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांना विचारला. मास्तरांनी मदारची व्याख्या म्हटली. हा म्हणाला, “व्हय मास्तर, पर मधनं जातो का?” मास्तरांनी तीच व्याख्या मोठ्यानं म्हटली. हा पुन्हा म्हणाला, “ते कळलं मास्तर, पर मधनं?” तेव्हा मास्तरांनी त्याच्या अशी थोबाडीत दिली की पुढच्या पोरानं दचकून स्वतःचा गाल धरला. नापास झालेल्या माणसाला दोनच गोष्टींचा राग येतो, एक परीक्षेचा आणि दुसरा ज्याला समजतं त्याचा.

त्याच दिवशी मास्तरांनी त्याचा शब्द बदलला. आधी त्याच्याकडं बर्किया होता, तो काढून दुसऱ्याला दिला आणि यादीत सगळ्यात शेवटी असलेला शब्द ह्याला दिला. खला. म्हणजे पोकळी, रिकामी जागा. त्याची ओळही एवढीशीच होती, ‘खला वो जगह है जहाँ कुछ न हो.’ मास्तर स्वतःच्या विनोदावर हसले. आम्हीही हसलो. मी किती मोठ्यानं हसलो ते मला आठवत नाही असं लिहिणार होतो, पण आठवतंय.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी शेवटची तालीम घेतली आणि ताकीद दिली, “ज्याच्या तोंडून दुसऱ्याचा शब्द निघेल त्याची फी-माफी बंद. त्यानं सरळ गावाकडं जाऊन म्हशी वळायच्या.” माफी वर्गात एकालाच होती. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग त्यांनी आम्हाला रांगेत बसवलं. स्वतः खुर्चीपाशी उभे राहून आपल्या डाव्या हातापासून सुरुवात केली. पहिला जौहर, मग मर्कजा, मग बर्किया, असं करत शेवटचा खला उजव्या हाताला, भिंतीपाशी. मराठी ओळ जशी जाते तसं. वर्षानुवर्षं उर्दू शिकवणाऱ्या त्या विद्वानाच्या मनात एकदाही आलं नाही की साहेब उर्दूवाले आहेत आणि उर्दू ओळ उजवीकडून सुरू होते. शेरवानी अंगावर चढली होती, डोकं मात्र धूळपाटीवरच राहिलेलं.

साहेब आले. बारीक, थकलेले, सर्दी झालेले. रुमालानं नाक पुसत खुर्चीत बसले, यादी हातात घेतली आणि अगदी सहज उजवीकडच्या पहिल्या पोराकडं बोट केलं.

“जौहर किसे कहते हैं?”

माझा मित्र उठला. त्याला जौहर माहीत होता. त्याला सगळे चौदा शब्द माहीत होते, आणि त्या चौदांच्या मधली जी पोकळी होती तीसुद्धा माहीत होती. त्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे वटारलेले होते, आणि त्या डोळ्यांत कालची ताकीद होती. माफी गेली तर शाळा गेली. तो म्हणाला, “हुजूर, खला वो जगह है जहाँ कुछ न हो.”

साहेबांनी त्याच्याकडं जरा दयेनं पाहिलं आणि बसायची खूण केली. पुढचा. “मर्कजा?” तो पोरगा मौज होता, त्यानं लहरीची व्याख्या सांगितली. पुढच्याला बर्किया विचारला, त्यानं प्रकाशाची सांगितली. त्यापुढच्याला मदार विचारला. तो तर साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच आपली ओळ म्हणून खाली बसला आणि बसल्यावर आनंदानं मास्तरांकडं पाहिलं, चुकलो नाही ना म्हणून. अख्खा अणू उलटा होऊन आमच्यापुढं पडला होता आणि एकेक जण त्यात मन लावून भर घालत होता.

साहेबांनी यादी टेबलावर आपटली. “ये क्या तोते पाल रक्खे हैं आपने?” मग साहेब आमच्याकडं वळले आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, “बच्चो, कोई एक भी समझा है? इतना बता दो, बर्किया मर्कजे में गिर क्यों नहीं जाता?”

भिंतीपाशी हात वर झाला. माझ्या मित्राचा. आता माफीचीही पर्वा नव्हती त्याला. कोणीतरी पहिल्यांदाच खरा प्रश्न विचारला होता. साहेबांनी तो हात पाहिला, ओळखला, आणि म्हणाले, “तुम बैठो, मियाँ खला.” पोरं खिदळली. हात खाली गेला.

आणि मी उभा राहिलो.

मी बारवेच्या पायऱ्या सांगितल्या. दोन पायऱ्यांच्या मधे कसं उभं राहता येत नाही ते सांगितलं. मापटं सांगितलं. सगळ्यात खालच्या पायरीखाली पायरी नाही, मग उतरणार कुठं, हेही सांगितलं, शब्दाला शब्द. फक्त त्याचं शेवटचं जे अडत होतं ते गाळलं. साहेबांच्या नाकाशी नेलेला रुमाल तिथंच राहिला. “वाह,” ते म्हणाले. “ये तुम्हें किसने समझाया?”

ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला एक नाव पुरेसं होतं. भिंतीपर्यंत बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. मी मास्तरांकडं पाहिलं. फडक्यात बांधलेलं पुस्तक त्यांनी पोटाशी घट्ट धरलं होतं. पुढं कोणाशी गाठ पडणार आहे, शिफारशीवर सही कोणाची लागणार आहे, हे दुकानदाराच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही.

“हमारे मास्टर साहब ने,” मी म्हणालो.

वजीफा मला मिळाला. मास्तर पुढं मुख्याध्यापक झाले. त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो हात घामेजलेला होता आणि मला त्याची किळस आली. मला वाटायचं किळस त्यांची आली. माझा मित्र खोलीवर आला तेव्हा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं, “हैदराबादला मोठी पुस्तकं असतील न्हाय?” महिन्याभरात त्याची माफी कुठल्याशा कागदाच्या कारणानं बंद झाली आणि तो बेंबळीला गेला.

हैदराबादला मोठी पुस्तकं होती. मी ती पाठ केली. ह्या बाबतीत माझी तयारी उत्तम होती. पहिल्या वर्गात पास झालो. मास्तरांवर नाकं मुरडत होतो, होस्टेलात त्यांच्या नकला करून पोरांना हसवत होतो, आणि क्वांटमवर प्रश्न आला की बारवेच्या पायऱ्या लिहीत होतो. एका प्राध्यापकांनी त्या पायऱ्यांबद्दल माझं कौतुक केलं. मी खाली मान घालून ते घेतलं.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि मी शास्त्राचा मास्तर होऊन त्याच शाळेत परतलो. मुख्याध्यापक आमचे तेच. शेरवानी आठवड्याभरात पेटीत गेली होती आणि डोक्यावर पांढरी टोपी आली होती. घशातले ऐन-गैनही गेले होते. आता ते ‘राष्ट्र’ म्हणताना तोच खोल आवाज काढायचे. मला बोलावून म्हणाले, “नवे शिक्षणाधिकारी यायचे आहेत. ते जुने शब्द सगळे मराठीत करून टाका. अणू, केंद्रक, कक्षा. क्वांटमला पुंज म्हणतात म्हणे. आणि पोरं तयार करा, पूर्वीसारखीच.”

मी मनात म्हटलं, हा माणूस मेला तरी ह्याच्या चितेवर कोणीतरी व्याख्या म्हणेल. पण तोंडानं “हो” म्हणालो आणि चौदा शब्दांची यादी केली. खलाला मी निर्वात लिहिलं.

त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी तो आला. माझा मित्र. बैलगाडी सोडून शाळेच्या दारात उभा होता. डोक्याला पटका, हाताला घट्टे, मिशी आलेली. आम्ही बोलत बोलत बारवेपर्यंत गेलो. मला वाटलं होतं हा आता नोकरी मागेल, नाहीतर टोमणा मारेल. दोन्हींसाठी मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं शेताचं सांगितलं, बायकोचं सांगितलं, मग त्याच पायरीवर बसून तंबाखू मळत म्हणाला, “एक इचारायचं व्हतं. लई वर्सं डोस्क्यात हाय. औत हाकतानाबी येतं कधी कधी.”

“विचार की.”

“तो बर्किया. वरच्या पायरीवरनं खालच्या पायरीवर येतो तवा मधनं जातो का? तू तर चार वर्सं त्येच शिकलास. कळलं आसंल.”

त्याच्या आवाजात काडीचाही उपरोध नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चार वर्षं शिकलो होतो, ते त्याच्या जागी शिकलो होतो, आणि मी गाळलेला भाग मागायला तो गाडी जुंपून आला होता. त्या चार वर्षांत हा प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता. विचारायचं सुचलंही नव्हतं.

“मला ठाऊक नाही” एवढं म्हणालो असतो तर माणसात आलो असतो. मी घसा खाकरला.

“इलेक्ट्रॉनचं एका ऊर्जापातळीवरून दुसऱ्या ऊर्जापातळीवर होणारं संक्रमण हे असंतत असतं,” मी म्हणालो.

“म्हंजी मधनं जातो का न्हाय?”

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. जरा मोठ्यानं.

तंबाखू तशीच तळहातावर होती. मग त्यानं मान हलवली. “हां,” तो म्हणाला. “मास्तरबी आसंच म्हनायचे.” धोतर झटकून उठला, बैलांना पाणी पाजायचंय म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

सोमवारी मी वर्गात चौदा शब्द वाटले. निर्वात मागच्या बाकावरच्या एका मुलाला दिलं. तो फार प्रश्न विचारायचा.